दोन धन्यांमधला कारभारी : ऱ्युक्यूचा राजपुत्र हानेजी चोशू

1673 साली ऱ्युक्यू या बेटांवरच्या राज्याच्या राजधानीत, शुरीच्या राजवाड्यात, एक टिपण सादर झालं. विषय तसा किरकोळ होता. राजाने वर्षाआड होडीत बसून कुदाका नावाच्या छोट्या बेटावर पूजेला जायचं की ती प्रथा बंद करायची, एवढाच. टिपण लिहिणारा माणूस राज्याचा मुख्य कारभारी होता आणि प्रथा बंद व्हावी असं त्याचं मत होतं. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, खर्च फार होतो, वाटेतल्या गावकऱ्यांवर बोजा पडतो, अशी कारणं त्याने दिली. आणि त्याच ओघात एक विधान करून ठेवलं : या देशातली माणसं मुळात जपानमधून आलेली आहेत, यात शंका नाही.

होडीचा प्रवास रद्द करण्यासाठी लिहिलेलं हे वाक्य पुढे फार लांब गेलं. दोनशे वर्षांनी जपानने हे राज्यच गिळलं तेव्हा त्याच विचाराचे दाखले दिले गेले. आजही ओकिनावात इतिहासाची चर्चा निघाली की या माणसाचं नाव येतं. कोणी त्याला दूरदर्शी म्हणतं, कोणी परक्यांचा हस्तक. त्याचं नाव हानेजी चोशू. जन्म 1617, मृत्यू 1675. चिनी कागदपत्रांत तो शो शोकेन या नावाने भेटतो, कारण ऱ्युक्यूच्या सरदारांना जपानी वळणाचं एक आणि चिनी वळणाचं एक अशी दोन नावं असत. त्या राज्याची सगळी गोष्टच या दोन नावांत आहे म्हणा ना.

राज्य कुठलं, धनी कोण

जपानच्या दक्षिणेला क्यूशू बेट आहे. तिथून तैवानपर्यंत हजार किलोमीटरहून लांब अशी बेटांची रांग जाते. त्यातलं सगळ्यात मोठं बेट ओकिनावा. आज हा जपानचा प्रांत आहे, पण 1429 पासून 1879 पर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षं, इथे ऱ्युक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. राजधानी शुरी, बंदर नाहा. बेटं गरीब, जमीन फारशी सुपीक नाही, वर्षाला दोन-चार चक्रीवादळं ठरलेली. या राज्याचं पोट भरलं ते दर्यावर. चीनचं रेशीम आणि चिनीमातीची भांडी, सयाम नि मलाक्काकडची मिरी आणि रंगाचं लाकूड, जपानच्या तलवारी असा माल इकडून तिकडे नेऊन ऱ्युक्यूचे व्यापारी श्रीमंत झाले.

या व्यापाराचा पाया एका औपचारिक नात्यावर होता. 1372 पासून ऱ्युक्यूचे राजे चिनी सम्राटाला नजराणा पाठवत. नवा राजा गादीवर आला की चीनहून दूत येऊन त्याला मान्यता देत. बदल्यात चीनच्या बंदरात व्यापाराची मुभा मिळे. चीन कारभारात हात घालत नसे, महसूल मागत नसे. मांडलिक म्हणावं तर मांडलिक, पण सौदा फायद्याचा.

सोळाव्या शतकात हे दिवस संपत आले. पोर्तुगीजांनी 1511 मध्ये मलाक्का घेतलं, चिनी खाजगी व्यापारी स्वतःच समुद्रावर उतरले, आणि मधल्या दलालाची गरज कमी झाली. मग 1609 उजाडलं. क्यूशूच्या दक्षिण टोकाला सात्सुमा नावाची सरदारकी होती, शिमाझू घराण्याची. तिने तीन हजारांच्या आसपास सैनिक जहाजांत भरून पाठवले. ते ओकिनावाच्या उत्तरेला उन्तेन बंदरात उतरले आणि काही दिवसांत शुरी पडलं. राजा शो नेइ याला पकडून सात्सुमाच्या राजधानीत, कागोशिमाला, नेलं, पुढे निवृत्त शोगुन (शोगुन म्हणजे जपानची खरी सत्ता हाती असलेला सेनापती) तोकुगावा इएयासुसमोर उभं केलं. दोन वर्षांनी, निष्ठेची शपथ लिहून घेऊन, परत पाठवलं. एका मंत्र्याने, जाना उएकाता याने, त्या शपथेवर सही करायला नकार दिला. त्याचं डोकं कागोशिमातच उडवलं गेलं.

सात्सुमाने उत्तरेकडची अमामी बेटं थेट स्वतःकडे घेतली. उरलेल्या राज्याची जमीन मोजली आणि उत्पन्न ठरवलं : 89,086 कोकू. एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, ढोबळपणे एका माणसाची वर्षाची बेगमी. या आकड्यावर सारा ठरला. चीनशी कोणता माल घ्यायचा-द्यायचा हेही आता सात्सुमा सांगणार होता.

इथे खरी गंमत आहे, आणि तीच समजून घेतल्याशिवाय हानेजी समजत नाही. सात्सुमाला ऱ्युक्यू हवं होतं ते चीनच्या व्यापारासाठी. चीन जपानशी थेट व्यापार करत नव्हता. ऱ्युक्यू जपानच्या ताब्यात गेलं हे उघडपणे मान्य झालं तर चीनचा दरवाजा बंद होणार. म्हणून राज्य जिवंत ठेवायचं, राजा गादीवर ठेवायचा, आणि चिनी दूत आले की सात्सुमाची माणसं गायब करायची. तसंच होई. चिनी दूत नाहाला उतरले की सात्सुमाचे अधिकारी शेजारच्या उरासोए भागातल्या गुसुकुमा गावात जाऊन बसत. जपानी नाणी, जपानी पुस्तकं नजरेआड होत. कुणी विचारलंच तर हे जपानी दिसणारे लोक तोकारा बेटांवरचे शेजारी, असं उत्तर तयार असे. चिनी दूतांना यातलं काही कळत नसेल असं मानणं मला तरी अवघड जातं. पण न विचारण्यात त्यांचीही सोय होती.

उलट, ऱ्युक्यूचे राजपुत्र शोगुनला भेटायला एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जात तेव्हा त्यांनी परदेशी दिसावं अशी सात्सुमाची ताकीद असे. परदेशी राजा आपला मांडलिक आहे, हे मिरवण्यात शिमाझूंचा मान वाढत होता. 1634 ते 1850 या काळात अशा अठरा मिरवणुका निघाल्या.

थोडक्यात, चीनपुढे जपानी नाही असं दाखवायचं आणि जपानपुढे चिनी ढंग मिरवायचा. घरात दोन सासवा, आणि दोघींनी एकमेकींना ओळख द्यायची नाही असं ठरवलेलं. या घरात हानेजी वाढला.

राजाचा मुलगा नसलेला राजपुत्र

'राजपुत्र' हा शब्द इथे जरा जपून घ्यावा लागतो. ऱ्युक्यूमध्ये 'ओजी' ही सगळ्यात वरची पदवी. राजाचे मुलगे आणि भाऊ ओजी असतच, पण मुख्य कारभारीपदावर नेमलेल्या किंवा राजातर्फे परदेशी वकिलातीवर गेलेल्या थोर कुळातल्या सरदारालाही ती मिळे. त्याच्या खाली आजी, मग उएकाता, मग पेचिन अशी उतरंड. कोण कुठल्या पायरीवर आहे ते डोक्याला बांधायच्या पट्टीच्या रंगावरून दिसे.

हानेजी राजघराण्याच्या एका फाट्यावरचा. पंधराव्या-सोळाव्या शतकात शो शिन नावाचा मोठा राजा होऊन गेला. त्याच्या थोरल्या मुलाला गादी मिळाली नाही. तो उरासोएला जाऊन राहिला आणि गादी धाकट्या मुलाकडे गेली. हानेजी त्या थोरल्या मुलाच्या वंशातला. शपथ लिहून दिलेला राजा शो नेइ हासुद्धा त्याच वंशातला. म्हणजे पराभव हा हानेजीच्या घरातला विषय होता. 1640 साली त्याच्याकडे उत्तर ओकिनावातला हानेजी हा परगणा वतन म्हणून आला आणि नावही तेच पडलं. तो भाग आता नागो शहरात मोडतो.

1650 साली, तेहतीस वर्षांचा असताना, राजा शो शित्सुच्या हुकमावरून त्याने राज्याचा इतिहास लिहिला. त्याचं नाव चूझान सेइकान. ऱ्युक्यूचा हा पहिला अधिकृत इतिहास. त्याआधी शिलालेख होते, प्राचीन स्तोत्रांचा संग्रह होता, तोंडी कथा होत्या, पण राजवंशांची सलग मांडणी कोणी केलेली नव्हती. आणि हा इतिहास त्याने चिनीत नव्हे, जपानीत लिहिला.

त्यात त्याने एक जुनी दंतकथा पहिल्या राजाच्या जागी नेऊन बसवली. जपानमध्ये बाराव्या शतकात मिनामोतो नो तामेतोमो नावाचा धनुर्धर योद्धा होता. 1156 च्या यादवीत तो हरला आणि त्याला दूरच्या बेटावर हद्दपार केलं. जपानी इतिहासानुसार तो तिकडेच मेला. दंतकथा म्हणते की तो मेला नाही. होडीतून वाहत ऱ्युक्यूला लागला, इथल्या एका सरदाराच्या बहिणीशी त्याचं लग्न झालं आणि त्यांचा मुलगा शुन्तेन हा इथला पहिला राजा. तो जिथे उतरला ते बंदर उन्तेन. हो, तेच उन्तेन, जिथे 1609 मध्ये सात्सुमाचे सैनिक उतरले होते.

ही कथा आज कोणी गंभीर इतिहासकार खरी मानत नाही. पण हानेजीने ती का उचलली, हे पाहण्यासारखं आहे. शिमाझू घराणं स्वतःला मिनामोतो कुळातलं म्हणवत असे. कामाकुराचा पहिला शोगुन योरितोमो हा आपला मूळपुरुष, असा त्यांचा दावा. तोकुगावा शोगुनही मिनामोतो म्हणवून घेत. आणि तामेतोमो हा योरितोमोचा चुलता. म्हणजे हानेजीच्या मांडणीत ऱ्युक्यूचा पहिला राजा हा विजेत्यांच्या पूर्वजाचा चुलतभाऊ ठरतो. हरलेल्या राज्याला शत्रूच्या वंशवृक्षात जागा मिळते, आणि तीही बरी जागा. लाचारी म्हणून हे वाचता येतं तसं चतुराई म्हणूनही. मला दोन्ही दिसतात, आणि यातलं एकच निवडायला हवं असंही वाटत नाही.

जाना उएकाताबद्दल मात्र हानेजीने निष्ठुरपणे लिहिलं. सात्सुमाशी असलेलं जुनं सख्य राजाने मोडलं ते या मंत्र्याच्या सल्ल्यामुळे, आणि म्हणून संकट ओढवलं, असा त्याचा सूर. सही न करता मेलेल्या माणसाला दोषी ठरवायचं आणि सही केलेल्यांना मोकळं सोडायचं, यात राजकारण उघड आहे. पुस्तक सात्सुमाही वाचणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

1666 : रिकामी तिजोरी

हानेजी 1666 साली सेस्सेई झाला. सेस्सेई म्हणजे राजाच्या लगेच खालचा मुख्य कारभारी. त्याच्या हाताखाली तीन मंत्र्यांचं मंडळ, सान्शिकान. रोजचा कारभार खरं तर हे तिघेच चालवत आणि सेस्सेई बऱ्याचदा शोभेचा असे. हानेजी तसा नव्हता.

राज्याची अवस्था वाईट होती. सात्सुमाचा सारा द्यायचा, चीनला जाणारी जहाजं सजवायची, एदोच्या मिरवणुकांचा खर्च करायचा. चीनमध्ये 1644 साली मिंग घराणं कोसळून मांचूंचं चिंग घराणं आलं होतं. नजराणा कोणाला द्यायचा हेच बरीच वर्षं स्पष्ट नव्हतं. त्या धामधुमीत ऱ्युक्यूचे दूत राजाची मोहोर उठवलेले कोरे कागद सोबत नेत. तिकडे जो जिंकेल त्याच्या नावाने पत्र लिहायचं! अखेर 1663 साली चिंग सम्राटाचे दूत शो शित्सुला मान्यता द्यायला आले, आणि त्यांची महिनोन्महिने सरबराई करावी लागली. त्याआधी 1660 मध्ये शुरीचा राजवाडा जळून खाक झाला होता. तो पुन्हा उभा राहायला सुमारे अकरा वर्षं लागली.

हानेजीने या काळात काढलेले हुकूम एकत्र करून ठेवलेले आहेत. त्यांना 'हानेजी शिओकी' म्हणतात. ते वाचताना तत्त्वज्ञ भेटत नाही, हिशेबनीस भेटतो. समारंभ कमी करा. लग्न, मर्तिक, देणीघेणी यांतली उधळपट्टी थांबवा. वतनदारांनी गावकऱ्यांकडून मनाला येईल तशी वेठ घेऊ नये. परगण्यातल्या अधिकाऱ्यांनी भेटी उकळू नयेत. राजवाड्यातल्या स्त्रियांचा कारभारातला हस्तक्षेप आवरा. शिवाय परगण्यांची फेरमांडणी सुरू झाली. मोठे परगणे तोडून नवे केले. 1666 मध्ये मोतोबु, 1671 मध्ये गिनोवान, 1673 मध्ये ओन्ना. ही नावं आजच्या नकाशावरही आहेत.

जमिनीबाबतचा निर्णय जरा सविस्तर सांगायला हवा. ऱ्युक्यूत गावची शेतजमीन शेतकऱ्याच्या मालकीची नसे. ती गावाची, काही वर्षांनी तिचं पुन्हा वाटप होई. आज तुम्ही कसलेला तुकडा उद्या दुसऱ्याकडे. मग बांध कोण घालणार, खत कोण टाकणार? हानेजीने पडीक जमीन फोडायला उत्तेजन दिलं आणि अशी नव्याने लागवडीखाली आणलेली जमीन फोडणाऱ्याकडे राहू दिली. फेरवाटपाच्या बाहेर जमिनीचा एक नवा प्रकार त्यातून वाढला. सरकारला महसूल, कसणाऱ्याला हक्क. अर्थात जमीन फोडायला माणसं आणि वेळ लागतो, त्यामुळे ज्यांच्याकडे आधीच काही होतं त्यांना याचा फायदा जास्त होणार हे उघड होतं.

दुसरा कणा साखरेचा. 1623 मध्ये गिमा शिंजो या अधिकाऱ्याने चीनच्या फूज्येन प्रांतातून उसाचा रस आटवून साखर करायची रीत आणवली होती. पुढे सरकारने तिच्या विक्रीचा मक्ता स्वतःकडे घेतला. हा काळ्या साखरेचा, म्हणजे जवळजवळ आपल्या गुळाचा, पैसा सात्सुमाची देणी भागवायला कामी आला. हानेजीच्या काळात ही घडी बसलेली होती. त्याने ती आणखी आवळली.

मला सगळ्यात आवडलेला हुकूम 1667 चा आहे. त्यात म्हटलंय की दरबारी नोकरी हवी असेल तर काही कला अंगी हव्यात. यादी अशी : विद्या, हिशेब, दप्तराचं लेखन, सुलेखन, वैद्यकी, घोडेस्वारी, जपानी नो नाटकातलं गायन, चिनी संगीत, चहाचा विधी, फुलांची मांडणी आणि स्वयंपाक. यातली एकही येत नसेल तर माणूस कितीही मोठ्या घरचा असो, त्याला पद नाही.

पहिल्या झटक्यात ही यादी विचित्र वाटते. कारकुनाला फुलं रचता येऊन काय उपयोग? पण हे राज्य सैन्यावर चालत नव्हतं. कागोशिमाहून आलेल्या अधिकाऱ्याला जेवू घालणं, फूज्येनहून आलेल्या दूतापुढे वाद्य वाजवणं, एदोत शोगुनसमोर नीट वागणं यावरच राज्याचं बरंवाईट ठरत होतं. ज्याला आपण शिष्टाचार म्हणतो ते यांचं संरक्षण खातं होतं. शिवाय जन्माने मिळणाऱ्या पदाला योग्यतेची अट जोडली गेली, हा बदल त्या समाजासाठी लहान नव्हता.

सगळंच कौतुकाचं नाही. 1672 मध्ये नाहाजवळ त्सुजी आणि नाकाशिमा इथे वेश्यावस्त्या वसवल्या गेल्या. पसरलेला धंदा एका जागी आणून नियंत्रणात ठेवायचा, हा त्यामागचा विचार. पुढच्या शतकांत कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या मुली तिथे विकल्या जात राहिल्या. आणि मियाको-याएयामा या दक्षिणेच्या बेटांवर 1637 पासून बसलेला माणशी कर हानेजीने हटवला नाही. पीक येवो न येवो, डोकी मोजून द्यायचा हा कर 1903 पर्यंत टिकला. ज्या कारभाऱ्याला मुख्य बेटावरच्या शेतकऱ्याची वेठ टोचली, त्याला ही बेटं फक्त हिशेबाच्या वहीत दिसत असावीत.

पुजारिणी आणि कुदाका

आता त्या टिपणाकडे वळू. ऱ्युक्यूत देवाचं काम बायकांचं. बहीण भावाचं दैवी रक्षण करते, ही तिथली मूळ श्रद्धा. राज्याच्या पातळीवर तेच : राजा राज्य करतो आणि त्याच्या नात्यातली एक स्त्री, बहुधा बहीण, किकोए-ओगिमी म्हणून सर्वोच्च पुजारीण होते. तिच्या हाताखाली गावोगावच्या 'नोरो' पुजारिणी, आणि त्यांना सरकारकडून जमिनी. शो शिन राजानेच ही व्यवस्था बांधली होती. म्हणजे धर्म हा प्रशासनाचाच एक हात होता, आणि तो हात स्त्रियांच्या ताब्यात होता.

हानेजी कन्फ्यूशियन विचारात, म्हणजे घरात नि राज्यात पुरुषांचा अधिकार मानणाऱ्या चिनी नीतिविचारात, मुरलेला. त्याला हे पसंत पडणं शक्य नव्हतं. शिवाय सात्सुमाचे अधिकारी आणि चिनी विद्वान दोघंही नाक मुरडणार, ही काळजी. किकोए-ओगिमीचा मान आतापर्यंत राणीच्याही वरचा होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या बदलांत तो राणीच्या खाली आला. गावच्या पुजारिणी राहिल्या, सण राहिले, पण निर्णयाच्या दालनातून त्या बाहेर गेल्या. यात सुधारणा किती आणि पुरुषी दरबाराची सोय किती, याचा हिशेब आजच्या वाचकाने आपापला करावा. माझा कल दुसऱ्या बाजूला जास्त आहे.

कुदाका हे ओकिनावाच्या आग्नेयेला, किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटरवरचं सपाट, चिंचोळं बेट. निर्मितीची देवी अमामिक्यू इथे आली, आणि पाच धान्यांचं बी भरलेलं भांडं इथल्याच किनाऱ्याला लागलं, अशी श्रद्धा. म्हणून राजा आणि सर्वोच्च पुजारीण स्वतः तिथे जात. हानेजीला हा प्रवास थांबवायचा होता. पण नुसता खर्च दाखवून भागणार नव्हतं, कारण समोरून उत्तर तयार होतं : जिथून धान्य आलं, जिथून आपण आलो, तिथे राजाने जायला नको?

म्हणून त्याने मुळावरच बोट ठेवलं. माणसं जपानमधून आली, आणि पाच धान्यंही त्यांच्याबरोबरच आली. पुरावा काय? आकाश, डोंगर, नद्या, शरीराचे अवयव, पशुपक्षी, झाडं यांची नावं दोन्हीकडे जुळतात. बोलीत काही फरक दिसतो, तो अंतरामुळे आणि दीर्घकाळ संपर्क तुटल्यामुळे. मग कुदाकालाच जायचा आग्रह कशाला? दुरून पूजा करा, नाहीतर कोणाला तरी पाठवा.

त्याच वर्षी राजाचं जाणं बंद झालं आणि त्याच वर्षी हानेजीही पायउतार झाला. सात वर्षं त्याने हे काम रेटलं होतं. शेवटच्या लिखाणात कडवटपणा आहे. देशात आपल्या मताचं कोणी नाही याचं दुःख वाटतं, आपल्याला ओळखणारे उत्तरेला एक-दोघेच आहेत, असं तो लिहितो. उत्तरेला म्हणजे सात्सुमाला. स्वतःच्या राजधानीत एकटा आणि जिंकणाऱ्यांकडे समजून घेणारे दोघे, ही कबुली त्याच्या टीकाकारांनी नंतर त्याच्याविरुद्ध वापरली. दोन वर्षांनी तो गेला. अर्धवट राहिलेली घडी अठराव्या शतकात साइओन या मंत्र्याने बसवली, आणि त्याने कन्फ्यूशियन कारभार हानेजीच्याही पुढे नेला.

एका वाक्याचं पुढे काय झालं

1879 च्या मार्चमध्ये जपानच्या नव्या मेइजी सरकारचा अधिकारी सैनिक आणि पोलीस घेऊन शुरीत आला. राजा शो ताइला वाडा सोडावा लागला, राज्याचा ओकिनावा प्रांत झाला. चीनने आक्षेप घेतला. तेव्हा जपानच्या बाजूने जे युक्तिवाद झाले त्यांत 1609 होतं, भाषा आणि चालीरीतींचं साम्य होतं, आणि तामेतोमोसुद्धा होता. हरलेल्यांनी मानासाठी जपलेली कथा जिंकणाऱ्यांच्या मालकीहक्काचा कागद झाली. ज्यांना राज्य वाचवायचं होतं ते चीनला पळून जाऊन दाद मागत राहिले. त्यांतल्या रिन सेइको याने 1880 साली बीजिंगमध्ये, चीनने हालचाल करावी म्हणून, स्वतःचा जीव दिला.

पुढच्या पिढीत ओकिनावा-अभ्यासाचा जनक म्हणवला जाणारा इहा फुयू, जन्म 1876, याने हानेजीला पुन्हा उजेडात आणलं. जपानी आणि ऱ्युक्यू लोक एकाच मुळाचे, या सिद्धांताला त्याने भाषाशास्त्राचा आधार दिला. त्याचा हेतू आपल्या माणसांना कनिष्ठ न मानता जपानमध्ये बरोबरीने जागा मिळावी हा होता, जवळजवळ हानेजीचाच. 1922 मध्ये उन्तेनला तामेतोमोच्या आगमनाचा दगडी स्तंभ उभा राहिला. त्यावरचं अक्षर जपानी नौदलाचा सेनापती तोगो हेइहाचिरो याचं. तोगो मूळचा सात्सुमाचा.

गंमत अशी की मूळ विधान बरंचसं खरं निघालं. ऱ्युक्यूच्या भाषा आणि जपानी एकाच कुळातल्या आहेत यावर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत आहे. पुरातत्त्वही सांगतं की साधारण अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराला क्यूशूकडून माणसं, शेती आणि लोखंड घेऊन इकडे आली. हानेजीकडे कोशही नव्हते आणि उत्खननही नव्हतं. त्याने शब्द शेजारी ठेवून पाहिले, आणि फरकाचं कारण अंतर व तुटलेला संपर्क असं दिलं. आजचा भाषाशास्त्रज्ञही हेच कारण देईल.

पण नातं असणं वेगळं आणि मालकी असणं वेगळं. मेइजीनंतर शाळांमध्ये ऱ्युक्यूच्या भाषांना जपानीच्या बिघडलेल्या बोली ठरवलं गेलं. वर्गात आपली भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायची, आणि दुसरं कोणी तसं बोलताना सापडलं की ती त्याच्या गळ्यात, अशी शिक्षा विसाव्या शतकात बराच काळ चालली. युनेस्कोने 2009 मध्ये ऱ्युक्यूच्या सहा भाषा धोक्यात असलेल्या स्वतंत्र भाषा म्हणून नोंदवल्या. त्याआधी 2006 मध्ये ओकिनावा प्रांताने कायदा करून 18 सप्टेंबर हा दिवस 'शिमाकुतुबा'चा, म्हणजे बेटांच्या भाषांचा, ठरवला आहे. ज्या शाळांनी पाट्या अडकवल्या त्याच आता या भाषांतली गाणी मुलांकडून बसवून घेतात, आणि शिकवायला आजी-आजोबांना बोलवावं लागतं, कारण मधल्या पिढीला ती नीट येत नाही.